जरा पीआयडी बघा ना

माझी कोणाविषयी तक्रार नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. मी भोसरी एमआयडीसीत पॅनल बनवतो, पीएलसीचे, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या संगणकाचे, प्रोग्रॅम लिहितो आणि लिहिलेले प्रोग्रॅम चालू करून द्यायला गावोगावी जातो. या धंद्यात वीस वर्षे काढली की माणूस शांत होतो. रक्तदाबाची गोळी मला सकाळी एकच आहे. संध्याकाळची डॉक्टरांनी अजून सुरू केलेली नाही. तेव्हा खाली जे लिहिले आहे ती निव्वळ वस्तुस्थिती समजावी.

फोन रात्री पावणेबाराला येतो. दिवसा येत नाही. दिवसा प्लांट नीट चालतो, निदान तसे रजिस्टरमध्ये लिहिलेले असते.

"साहेब, झोपला होता काय?"

"नाही, नाही. बोला."

"तुमचा पीआयडी हंटिंग करतोय. जरा बघा ना."

हंटिंग म्हणजे तापमान एका जागी न बसता वरखाली होत राहणे. या वाक्यातला 'तुमचा' हा शब्द मी बरीच वर्षे ऐकतो आहे. बॉयलर दूध संघाचा. पाइपलाइन दूध संघाची. व्हॉल्व्ह संघाचा, कॉम्प्रेसर संघाचा आणि दूध पंचक्रोशीतल्या म्हशींचे. पीआयडी तेवढा माझा.

हा दूध संघ सातारा-सांगली पट्ट्यातला आहे, नाव सांगत नाही. तिथे तासाला दहा हजार लिटरचा पाश्चरायझर आहे. दूध किमान ७२ अंशांपर्यंत तापवायचे, त्या तापमानाला १५ सेकंद ठेवायचे आणि मग चार अंशांपर्यंत थंड करायचे, एवढे त्याचे काम. दूध तापते गरम पाण्यावर, पाणी तापते वाफेवर आणि वाफ किती सोडायची हे एक व्हॉल्व्ह ठरवतो. व्हॉल्व्हला किती उघड हे पीएलसी सांगते, आणि पीएलसीच्या कानात ते सांगणारा तो पीआयडी. तापमान कमी पडले तर एफडीव्ही नावाचा दुसरा व्हॉल्व्ह दुधाची वाट वळवतो आणि ते परत बॅलन्स टँकमध्ये पाठवतो. दूध परत येऊ लागले की शिफ्ट इन्चार्ज धावतो, इन्चार्ज धावला की मॅनेजर विचारतात, आणि मॅनेजरनी विचारले की माझा फोन वाजतो. इतके बिनचूक ऑटोमेशन मी स्वतः कधी केलेले नाही.

पीआयडी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी घरी दूध तापवून बघावे. दूध किती कमी तापले आहे त्या मापात गॅस मोठा करणारा तो पी. 'मघापासून ठेवलंय, अजून तापलं नाही' असा झालेल्या उशिराचा हिशेब ठेवत गॅस आणखी थोडा, आणखी थोडा वाढवत राहणारा तो आय. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा तो मागचे काही विसरत नाही. आणि साय फुगून वर येताना दिसली की भांडे उतू जाण्याआधीच गॅस बारीक करणारा तो डी. या तिघांचे किती किती ऐकायचे, ते सांगणारे तीन आकडे. संपले. आमच्या घरी ही तिन्ही कामे आई एकटी करायची. महिन्यातून एकदा दूध उतू जायचेच, पण त्यासाठी तिने कधी भोसरीला फोन केला नाही.

कल्पना जुनी आहे. निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने १९२२ साली जहाजांच्या सुकाणूवर एक निबंध प्रसिद्ध केला. मुरलेला सुकाण्या जहाज आत्ता किती भरकटले आहे एवढेच बघत नाही. किती वेळ भरकटते आहे आणि किती वेगाने वळते आहे, याचाही तो अंदाज घेतो. मिनोर्स्कीने ते गणितात मांडले. अमेरिकी नौदलाच्या न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर चाचण्या झाल्या आणि यंत्र व्यवस्थित चालले. तरीही नौदलाने ते घेतले नाही, कारण जहाजावरच्या माणसांना ते नको होते. म्हणजे पीआयडीचा पाळणा हलला त्याच सुमाराला ऑपरेटरने त्याला मॅन्युअलवर टाकले. हे वाचून मला फार बरे वाटले. तोवर मी दोष आपल्याकडच्या हवामानाला देत होतो.

पुढे १९४२ साली झिग्लर आणि निकोल्स या अमेरिकेतल्या दोन अभियंत्यांनी हे आकडे कसे काढावेत याची रीत छापली. आय आणि डी बंद करायचे. पी वाढवत न्यायचा, तापमान एकसारख्या लाटांत वरखाली होईपर्यंत. तो पी टिपून घ्यायचा, एका लाटेला किती वेळ लागतो तेही टिपायचे. मग पी त्याच्या ०.६ पट, आयचा वेळ लाटेच्या निम्मा, डीचा वेळ लाटेचा आठवा भाग. एवढे केले की पुढची प्रत्येक लाट साधारण आधीच्या लाटेच्या पावपट होत विरून जाते. रीत सोपी आहे आणि ऐंशी वर्षे टिकली आहे. तिच्यात एकच अडचण आहे. तिच्यासाठी चालू प्लांट आधी मुद्दाम बिघडवावा लागतो. मी मॅनेजरसाहेबांना परवानगी मागताना १९४२ चा दाखला दिला. ते म्हणाले, "तेव्हा आमचा संघ नव्हता."

'तीन आकडे तर आहेत,' असे खरेदी विभागाचे म्हणणे असते. आकड्यांची संख्या त्यांनी बरोबर मोजली आहे.

पहिला आकडा पीचा. एका कंपनीच्या ब्लॉकमध्ये त्याला गेन म्हणतात, तो वाढवला की व्हॉल्व्ह जोरात हलतो. दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर त्याच जागी प्रपोर्शनल बँड असतो, टक्क्यांत. तो वाढवला की व्हॉल्व्ह मवाळ होतो. शंभराला बँडने भागले की गेन मिळतो, म्हणजे बँड ५० तर गेन २. या संघात दोन्ही आहेत, एकाच भिंतीवर, चार फुटांच्या अंतराने. त्यामुळे फोनवर 'थोडा वाढवा' म्हणण्याआधी मला विचारावे लागते, "तुम्ही आत्ता दाराकडच्या डब्यापुढे उभे आहात, की खिडकीकडच्या?"

दुसरा आकडा आयचा, म्हणजे वेळेचा. एका कंपनीत तो सेकंदांत, दुसरीत मिनिटांत, तिसरीत 'मिनिटाला किती वेळा' असा उफराटा. पहिल्या दोघींकडे आकडा मोठा म्हणजे आय मंद, तिसरीकडे आकडा मोठा म्हणजे आय जलद. आय बंदच करायचा असेल तर काही ठिकाणी शून्य टाकायचे, आणि काही ठिकाणी शून्य चालत नाही म्हणून मावेल तेवढा मोठा आकडा टाकायचा. मी एकदा वीस सेकंदांच्या जागी वीस मिनिटे टाकून एक अख्खी सकाळ घालवली. तापमान सेट पॉइंटच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या तापमानाच्या, खालून मुंगीच्या पावलांनी वर येत राहिले आणि बरोबर शिफ्ट बदलताना पोचले. येणाऱ्या शिफ्टने रजिस्टरमध्ये लिहिले, 'आमच्या वेळेस व्यवस्थित.'

तिसरा आकडा डीचा. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक लूपमध्ये तो शून्य आहे. सेन्सरच्या वायरीत शेजारच्या मोटरचा नॉइज जरासा शिरला तरी डी दचकतो. साय वर आली काय आणि भांड्यावर माशी बसली काय, त्याला सारखेच. तरीही समाजात डीला जो मान आहे तो पी आणि आयला नाही. संचालक मंडळाची भेट असते तेव्हा पांढऱ्या कपड्यांतला एक तरी गृहस्थ स्क्रीनपाशी थांबतो, हात मागे बांधतो आणि विचारतो, "डी वाढवून बघितला का?" मी म्हणतो, "बघतो." ते समाधानाने पुढे आइस्क्रीम विभागाकडे जातात. त्यानंतर आम्ही दोघेही त्या विषयावर बोलत नाही.

या तीन आकड्यांच्या खाली आणखी आकडे आहेत. सेन्सरचे ० ते १५० अंश वायरीतून ४ ते २० मिलिअँपिअर होऊन येतात. सुरुवात शून्याऐवजी चारापासून का, तर वायर तुटली की शून्य यावे आणि तुटल्याचे कळावे. इतका समंजस विचार या धंद्यात क्वचितच आढळतो. पुढे पीएलसीच्या आत एका घराण्यात त्याचे ० ते २७६४८ होतात, तर दुसऱ्या घराण्यात ० ते ३२०००. २७६४८ हा आकडा मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा लवकर आठवतो. हे घरी सांगितलेले नाही.

सगळ्यात हाती न लागणारी खोडी मात्र वेळापत्रकाची. पीआयडीचा ब्लॉक ठरावीक अंतराने हाक मारूनच चालवावा लागतो, समजा दर १०० मिलिसेकंदांनी. काही जुने ब्लॉक असे आहेत की त्यांना हाक किती वेळाने येणार हे वेगळे सांगावे लागते. नाही सांगितले तर ते आपले एक सेकंद धरून बसतात. मग हाक येते सेकंदाला दहा वेळा आणि आय दर हाकेला एका सेकंदाची उधारी वहीत चढवतो. दहापट व्याज. सावकार बरा. व्हॉल्व्ह वेड्यासारखा उघडझाप करतो आणि सगळे गेनकडे बोट दाखवतात, कारण गेन स्क्रीनवर दिसतो. वेळापत्रक प्रोग्रॅमच्या पोटात असते, ते कोणाला दिसत नाही. मलाही दोन दिवस दिसले नव्हते.

माझ्याकडे एक नवा इंजिनिअर मुलगा आहे, हुशार आहे. त्याला हे सगळे जुनाट वाटते. तो म्हणतो, "सर, ऑटोट्यून आहे की." ऑटोट्यून आहे, हे मला मान्य आहे. बटण दाबले की पीएलसी व्हॉल्व्हला स्वतःच धक्का देते, तापमान कसे वळते ते बघते आणि आकडे काढून देते. फक्त त्याची एक अट असते. आधी सगळे स्थिर हवे आणि तापमान सेट पॉइंटपासून बरेच लांब हवे. चालत्या डेअरीत सेट पॉइंटपासून लांब म्हणजे दूध परत बॅलन्स टँकमध्ये. आणि स्थिर म्हणाल तर टँकर खाली करायला येतात ते आमचे ट्यूनिंग बघून येत नाहीत. मुलाने बटण दाबले. अकरा मिनिटे स्क्रीनवर एक निळी पट्टी सरकत होती. एफडीव्ही चार वेळा वळला. मॅनेजर दोन वेळा आले. शेवटी एक एरर कोड आला. त्याचा अर्थ मॅन्युअलमध्ये असा होता की सेट पॉइंट आणि तापमान एकमेकांच्या फार जवळ आहेत. आम्ही इतके दिवस नेमके त्यासाठीच झटत होतो.

रात्री पाण्यावर चालवून त्याने ते पुन्हा केले, तेव्हा आकडे मिळाले. गेन ३.७१४, वेळ ४१.२०६ सेकंद. दशांशचिन्हापुढचे तीन आकडे बघून मुलाचा चेहरा उजळला. शेजारी बॉयलरवाला फावड्याने ब्रिकेट टाकत होता. दर फावड्यागणिक वाफेचा दाब आपल्या मर्जीने वरखाली होत होता, आणि त्या दाबावर आम्ही हजाराव्या भागापर्यंत बरोबर होतो.

इतकी वर्षे या आकड्यांसोबत काढल्यावर मला एक गोष्ट कळली आहे. कारखान्यातली बाकी कुठलीही वस्तू बदलायची तर काहीतरी लागते. व्हॉल्व्हला पाना लागतो. स्टीम ट्रॅपला शटडाउन लागतो. सेन्सरला स्टोअरचे इंडेंट लागते, इंडेंटला सही लागते आणि सही करणारे मीटिंगला गेलेले असतात. पीआयडीच्या आकड्यांना काहीच लागत नाही. काचेवर बोट ठेवले की झाले. पासवर्ड असतो, पण तो १२३४ असतो, आणि ज्या एका प्लांटमध्ये १२३४ नव्हता तिथे तो मॉनिटरवर चिकटपट्टीने लावलेला होता. म्हणून कारखान्यात काहीही बिनसले की सगळ्यात आधी याच तीन आकड्यांना शिक्षा होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, त्यातला संन्यासी स्क्रीनवर बसलेला असतो आणि फास बोटाच्या टोकावर असतो.

माझ्याकडे या फाशांची यादी आहे. एका ठिकाणी पीटी-१०० सेन्सर साफ करताना कोणीतरी अर्धा इंच बाहेर ओढून तसाच आवळला होता. तो दुधाऐवजी खोबणीतल्या हवेचे तापमान मोजत होता आणि दूध तापल्याची बातमी त्याला शेजाऱ्यांकडून कळत होती. तक्रार आली, पीआयडी स्लो आहे. दुसरीकडे कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आले होते आणि पोझिशनर आतून घोटभर पाणी प्यायला होता. तक्रार, पीआयडी लटकतो. तिसरीकडे रात्री वाफ बंद केली, कंट्रोलर मात्र ऑटोवरच ठेवला. तापमान येत नाही म्हणून आय रात्रभर उधारी लिहीत बसला. सकाळी वाफ सोडताच त्याने सगळी वसुली एकदम केली आणि पारा ९० च्या पुढे गेला. तक्रार, पीआयडीला अंदाज नाही. या तिसऱ्या तक्रारीत थोडे तथ्य आहे. उधारीला मर्यादा घालणारी एक खूण प्रोग्रॅममध्ये करायची राहून गेली होती. ती मीच करायची होती. तेवढे मान्य करून पुढे जातो.

चौथी तक्रार कागदोपत्री सर्वांत गंभीर होती. 'ग्राफमध्ये प्रचंड चढउतार', फोटोसह. फोटोत खरोखर सह्याद्री दिसत होता. मी एकशे साठ किलोमीटर गाडी चालवत गेलो. ग्राफच्या डाव्या कडेला आकडे होते, खाली ७५.८ आणि वर ७६.२. कोणीतरी ऑटो स्केल चालू केला होता, त्यामुळे स्क्रीन अंशाच्या दहाव्या भागाला कडा आणि सुळके देत होती. मी स्केल ० ते १०० केला. सह्याद्री गेला, पठार आले. मॅनेजरसाहेब म्हणाले, "बघा, तुम्ही आलात की लगेच नीट होतं." प्रवासखर्च मंजूर झाला.

आता त्या पावणेबाराच्या फोनकडे येतो.

सकाळी पोचलो तेव्हा तापमान खरेच लाटा मारत होते. ७३ ते ७९, पुन्हा ७३. एका लाटेला सात मिनिटे. मी पॅनलचा दरवाजा उघडला. दरवाज्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आकडे लिहिलेले असतात, ही आमच्या धंद्यातली खरी बखर. सर्वांत वर माझ्या अक्षरात कमिशनिंगच्या दिवशीचे तीन आकडे. त्याखाली दुसऱ्या अक्षरात दुसरे. त्याखाली तिसरे, त्यावर काट मारून चौथे. एका ओळीपुढे 'उत्तम' असे लिहिले होते आणि पुढल्याच दिवशीच्या तारखेला त्याखाली नवी ओळ होती. सर्वांत खाली, चौकटीत, लाल स्केचपेनने: 'डी ला हात लावू नये – हुकुमावरून'. डी शून्य होता.

रजिस्टर पाहिले. महिन्याभरापूर्वी नोंद, 'हंटिंग सुरू, दर चार मिनिटांनी.' पंधरा दिवसांपूर्वी नोंद, 'पीआयडी सेट केला, आता सात मिनिटांनी. सुधारणा आहे.' पुढे सही.

मी मामांना हाक मारली. मामा म्हणजे रात्रपाळीचे ऑपरेटर. शिफ्ट संपून दोन तास झाले होते, पण तमाशा बघायला ते थांबले होते. दूध बंद करून आम्ही पाश्चरायझर पाण्यावर घेतला आणि लूप मॅन्युअलवर टाकला, आउटपुट ४० टक्के. पंधरा मिनिटे नुसते उभे राहिलो. लाट थांबली. म्हणजे बॉयलरवाला निर्दोष. वाफेच्या दाबाने लाट उठत असती तर ती मॅन्युअलवरही उठली असती.

मग मी मुलाला स्क्रीनपाशी बसवले आणि स्वतः शिडी लावून व्हॉल्व्हपाशी गेलो. व्हॉल्व्हच्या दांड्यावर नखाने खूण धरून ठेवली आणि ओरडलो, "एक्केचाळीस!" दांडा हलला नाही. "बेचाळीस!" नाही. "त्रेचाळीस!" नाही. वर डायफ्रॅममध्ये हवा भरल्याचा सुस्कारा ऐकू येत होता, दांडा मात्र ग्लँडमध्ये, म्हणजे वाफ गळू नये म्हणून त्याच्याभोवती आवळलेल्या कड्यात, रुतून बसला होता. "चव्वेचाळीस!" टक् असा आवाज झाला आणि दांडा एकदम दोन रेघा पुढे सरकला. परतीच्या वाटेवर तीच तऱ्हा. त्रेचाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस, काही नाही. चाळीसला टक्.

झाले होते ते एवढेच. तापमान जरा कमी पडले की आय आउटपुट थोडे थोडे वाढवत जाई. दांडा हलत नसे, म्हणून आणखी वाढवी. मग तो टक् करून गरजेपेक्षा जास्त उघडे. तापमान वर जाई, आय उलट मोजायला लागे, दांडा पुन्हा हट्टाला पेटे, पुन्हा टक्. अशा व्हॉल्व्हसाठी दरवाज्यावर सात ओळी लिहिल्या काय आणि सत्तर लिहिल्या काय, लाट लांब होते किंवा आखूड होते. जात नाही. चार मिनिटांची सात मिनिटे झाली होती, हीच ती सुधारणा.

मी शिडीवरूनच विचारले, "मामा, ही ग्लँड कोणी आवळली?"

"फिटरनं. मागल्या महिन्यात वाफ गळत होती की. पान्याला पाइप घालून आवळली त्यानं. लई ताकदीचा गडी."

"मग हे मला फोनवर का नाही सांगितलं?"

मामांना प्रश्नाचे नवल वाटले. "तुम्ही पीआयडीचं विचारलं की, साहेब."

ग्लँडचे नट मी पाव फेरा सैल केले. पाव, त्याहून जास्त नाही. दांडा पुसला. आता एका टक्क्याला दांडा हलू लागला, आणि वाफेचा एक बारीक धागाही पुन्हा बाहेर येऊ लागला. नवीन पॅकिंग घाला असे मी लिहून दिले. इंडेंट निघाले, ते तीन कोटेशन्ससाठी गेले आहे. मग मी दरवाज्यावरच्या पहिल्या ओळीतले तीन आकडे परत टाकले आणि लूप ऑटोवर घेतला. दहा मिनिटांत तापमान ७६ वर येऊन बसले आणि अंशाच्या तिसऱ्या भागापलीकडे हलेना. मामा थोडे निराश झाले आणि घरी गेले.

राहिला बिलाचा प्रश्न. मी प्रामाणिकपणे लिहिले होते, 'वाफेच्या व्हॉल्व्हची ग्लँड पाव फेरा सैल करणे.' बिल परत आले. ग्लँड मेकॅनिकल विभागाची, आणि मेकॅनिकलने तुम्हाला बोलावलेच नव्हते. तुम्हाला इन्स्ट्रुमेंटेशनने बोलावले, त्यांच्या बजेटमध्ये ग्लँड हे शीर्षकच नाही. हिशेब विभागातल्या बाईंनी समजुतीच्या सुरात सुचवले, "नेहमीचं लिहा ना, सर." मी नेहमीचे लिहिले: 'पीआयडी ट्यूनिंग, नग १.' त्यावरही एकदा विचारणा आली, की आकडे तीन असताना नग एक कसा. मी संच म्हणून कळवले. पैसे जमा झाले.

त्यामुळे संघाच्या दप्तरी आता हे कायमचे नोंदले गेले आहे की बिघाड पीआयडीत होता आणि तो मी दुरुस्त केला. नोंदीवर मी स्वतःच सही केली आहे, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करू? एक विनंती मात्र करतो, आणि ती सर्व प्लांटना आहे. आकड्यांना बोट लावण्याआधी प्लांट पाण्यावर घ्या, लूप मॅन्युअलवर टाका, आउटपुट एकेक टक्क्याने वाढवा आणि व्हॉल्व्हचा दांडा हलतो का, ते स्क्रीनवर न बघता व्हॉल्व्हपाशी जाऊन डोळ्यांनी बघा. हलला, तर मला खुशाल फोन करा, मी जागाच असतो. नाही हलला, तर फिटरला उठवा.